पिवळ्या शिंगातला पिवळा गेला कुठं?

बेंदूर आला की माणदेशात नुसती धांदल! दहिवडी, म्हसवड, आटपाडी, कुठंही जा. खिलार बैल धुऊन पांढरेशुभ्र केलेले. पाठीवर झूल. आणि त्या लांबच लांब शिंगांना चकचकीत ऑइलपेंट!

समज, तुझ्याजवळ दोनच रंग आहेत. पिवळा आणि निळा. शिंगाला पिवळा लावलास. तो ओला असतानाच वरून निळा फासलास. काय झालं? हिरवं शिंग! अरेच्चा, हिरवा तर आपण आणलाच नव्हता. मग आला कुठून?

सांगू? उन्हातून!

पांढऱ्या उन्हात सगळे रंग दडलेले असतात. त्यांतले तीन मुख्य: तांबडा, हिरवा, निळा. ऊन म्हणजे मधल्या सुट्टीतला भरलेला डबाच समज. पिवळ्या पेंटला डब्यातला निळा प्रकाश भारी आवडतो. तेवढा तो गट्टम करतो. निळ्या पेंटचा डोळा तांबड्यावर! आता दोघं एकाच डब्यावर बसले. एकानं निळा संपवला, दुसऱ्यानं तांबडा. उरला कोण? हिरवा! तोच शिंगावरून निघून तुझ्या डोळ्यात शिरतो.

त्यात तांबडा पेंटही कालवलास तर? तो हिरव्यावरही ताव मारतो. डबा जवळजवळ रिकामा! म्हणून सगळे रंग एकत्र केले की मळकट, काळपट राडा होतो.

पण खरी गंमत पुढंच आहे. पिवळ्या शिंगाचा मोबाइलवर फोटो काढ. मोठ्यांना विचारून पडद्यावर पाण्याचा थेंब ठेव. मोहरीएवढाच हं! थेंबाचं भिंग होतं. आत बघ. पिवळा ठिपका सापडला? नाही ना! तिथं असतात नुसते तांबडे आणि हिरवे ठिपके. पिवळा औषधालाही नाही!

मग आपल्याला पिवळं कसं दिसतं? आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. तांबडा आणि हिरवा प्रकाश एकदम आला की मेंदू म्हणतो, हा पिवळा! मला तर हे जादूपेक्षा भारी वाटतं. पेंट प्रकाश खातात, म्हणून मिसळले की रंग गडद होतो. प्रकाशाचं उलटं! एकात एक मिसळला की उजेड वाढतो. तांबडा, हिरवा, निळा तिन्ही मिळाले की चक्क पांढरा!

ही युक्ती जुनी आहे बरं का. 1861 साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं लंडनमध्ये एका रंगीत फितीचा फोटो पडद्यावर दाखवला. तांबडा, हिरवा, निळा असे तीन प्रकाश एकावर एक पाडून! टीव्ही असो की मोबाइल, आजही तेच तीन रंग कामाला.

माणदेशी घोंगडीही जवळून बघ. काळी आणि पांढरी लोकर एकत्र कातलेला धागा लांबून करडा दिसतो. ते काळे-पांढरे तंतू तुझा डोळाच मिसळतो!

आणि उद्या वर्तमानपत्र आलं की पानाच्या कडेला शोध. बऱ्याचदा तिथं चार चिमुकले ठिपके असतात: आकाशी, राणी, पिवळा आणि काळा. पानावरचे सगळे रंगीत फोटो एवढ्या चारच शायांनी छापलेले असतात. भिंग घे आणि बैलाच्या फोटोतलं हिरवं शिंग तपासून बघ. तिथं कुठले ठिपके दिसले, ते आम्हाला नक्की कळव!