कपाशीच्या वावरातलं कॉम्प्युटरचं गणित

कपाशीचे तीन वाण आहेत आणि खताच्या तीन मात्रा. कोणता वाण कोणत्या मात्रेला चांगला पिकतो, हे दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या एखाद्या वावरात तपासायचं आहे. अडचण जमिनीची. नाल्याकडची माती भारी, वरच्या अंगाची मुरमाड. एका धुऱ्याकडे ओल टिकते, दुसऱ्याकडे नाही. एखादा वाण नुसता भारी मातीत पडला, तर वाढलेलं उत्पन्न वाणाचं की मातीचं? म्हणून तीन ओळी आणि तीन रकाने असे नऊ तुकडे पाडायचे. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक वाण एकदाच यावा, प्रत्येक मात्राही एकदाच यावी, शिवाय प्रत्येक वाणाची प्रत्येक मात्रेशी नेमकी एकदा गाठ पडावी.

हे अंदाजाने मांडत बसायची गरज नाही. ओळी, रकाने, वाण, मात्रा या सगळ्यांना 0, 1, 2 असे क्रमांक द्या. ओळ अधिक रकाना, त्याला तीनने भागून उरलेली बाकी हा वाण. ओळ अधिक रकान्याची दुप्पट, पुन्हा तीनने भागून उरलेली बाकी ही मात्रा. कागदावर नऊ घरं भरून बघा, एकही जोडी दुसऱ्यांदा येत नाही. इंजिनिअरिंगची मुलं ‘डिस्क्रीट’ म्हणून ज्या पेपरला धास्तावतात, तो पेपर म्हणजे हेच: सुट्या, मोजता येणाऱ्या वस्तू आणि त्यांच्या मांडणीचे नियम.

वाणांची एक आणि मात्रांची एक अशा एकावर एक बसणाऱ्या दोन चौकोनी मांडण्यांना जोडचौरस म्हणू. अशा जोडचौरसांवर ऑयलर या महान गणितज्ञाने 1782 साली एक भाकीत केलं. 6, 10, 14 अशा, दोनने भाग जातो पण चारने जात नाही, त्या आकारांचे जोडचौरस असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. सहाच्या बाबतीत ते खरं असल्याचं 1901 मध्ये सिद्ध झालं. दहासाठी अमेरिकेत ‘स्वॅक’ नावाचा कॉम्प्युटर शंभराहून अधिक तास चालवला. हाती काही लागलं नाही.

ते कोडं सोडवणाऱ्यांत एक आपल्या नागपुरात शिकलेला होता. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, जन्म 1917, सागरचा. 1950 मध्ये अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली. 1959 मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी 22 चा जोडचौरस उभा केला, अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा. मग तिघांनी मिळून दाखवलं की 2 आणि 6 सोडले तर ऑयलरचं भाकीत सगळीकडे खोटं आहे. 26 एप्रिल 1959 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही बातमी होती. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठात आले. 2020 मध्ये, 102 वर्षांचे होऊन गेले. विदर्भातल्या कॉम्प्युटरच्या प्रत्येक वर्गात हे नाव पहिल्याच तासाला सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं. वेगवान यंत्र जिथे थकलं, तिथे रचनेचा विचार पोचला, हे मुलांना दुसरीकडे इतकं स्वच्छ दिसणार नाही.

आता याचा कॉम्प्युटरशी संबंध. वावरातल्या प्रत्येक तुकड्याचे चार अंक सलग लिहा: ओळ, रकाना, वाण, मात्रा. ओळ 1 आणि रकाना 2 असेल तर 1, 2, 0, 2. असे नऊ संदेश होतात. कोणतेही दोन संदेश घ्या, ते निदान तीन जागी वेगळे निघतात, कारण चारपैकी कुठलेही दोन अंक कळले की उरलेले दोन ठरूनच जातात. म्हणून वाटेत एक अंक चुकला तरी मूळ संदेश ओळखता येतो. चूक आपोआप दुरुस्त करणाऱ्या कोडचा हा अगदी छोटा, पण खराखुरा नमुना आहे.

यासाठी लॅपटॉप लागत नाही. संच नववीत येतात, क्रमपरिवर्तन अकरावीत, तर्कशास्त्र बारावीत. बोरी अरबच्या मुलाच्या दप्तरात पाया आधीच आहे. घाई कोडिंगच्या क्लासची असते आणि व्याख्या गाइडमधून पाठ होतात, त्यात ‘हे असंच का?’ हा प्रश्न राहून जातो. तो विचारायचा तर चार वाण आणि चार मात्रा घेऊन, तीनऐवजी चारने भागून, वरचीच युक्ती करून बघावी. ती अडते, कारण रकान्याच्या दुपटीची बाकी 0, 2, 0, 2 अशी पुन्हा पुन्हा तीच येते. चारचे जोडचौरस मात्र आहेत. त्यासाठी बेरीज आणि गुणाकाराचे नियमच नव्याने बांधावे लागतात. किराणा दुकानातल्या क्यूआर कोडमध्ये 256 चिन्हांसाठी असेच नव्याने बांधलेले नियम चालतात, आणि सर्वांत मजबूत प्रकारात कोडचा सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.