पुढची मालिका कोणती?
श्रोतेहो, टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' संपलं की पुढे काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी आधी विचारतो, वेळ किती आहे? आणि अर्धवट गोष्ट चालेल का? जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड आला १९९६ मध्ये, पाचवा २०११ मध्ये. त्यानंतर वाचक दहा वर्षांहून अधिक काळ ताटकळले. राजकारण अस्सल, पण शेवट हाती नाही. रॉबर्ट जॉर्डन यांचं 'द व्हील ऑफ टाइम' १९९० मध्ये सुरू झालं. २००७ मध्ये ते वारले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ मध्ये चौदावा खंड देऊन ते तडीस नेलं. मधले काही खंड मात्र चौकात अडलेल्या मिरवणुकीसारखे. चौदा खंड म्हणजे वर्षभराच्या रात्री गेल्याच!

म्हणून मी रॉबिन हॉब यांचं नाव सुचवतो. 'असॅसिन्स अप्रेंटिस'पासूनची त्यांची त्रयी १९९५ ते १९९७ मध्ये पुरी झाली. राजपुत्राचा अनौरस मुलगा स्वतःची कहाणी सांगतो. लढाया कमी, माणसं भरपूर. पन्नास पानं वाचा. त्या पोराची काळजी वाटली नाही, तर पुस्तक खुशाल ग्रंथालयात परत करा.