वेगवान मोटारीच्या वंगणाची पारख

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि म्हसळा या मार्गाने श्रीवर्धनला येणारी मोटार जेव्हा दोनशे-अडीचशे अश्वशक्तीची असते, तेव्हा तिच्या मालकाचे लक्ष इंजिनाकडे, टायरांकडे आणि फार झाले तर ब्रेकांकडे असते. परंतु इंजिनाची सर्व शक्ती ज्यांच्यामधून चाकांपर्यंत पोहोचते, त्या गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या बंद पेट्यांत कोणते तेल आहे, ते केव्हा घातले आणि त्या जागी ते योग्य आहे काय, या बाबींची चौकशी बहुधा पेटीतून आवाज येऊ लागल्यावरच सुरू होते. ती सुरू झाली म्हणजे ‘सर्वांत भारी तेल कोणते?’ असा प्रश्न विचारला जातो. वास्तविक तेलाची निवड त्याच्या किमतीवरून अथवा मोटारीच्या वेगावरून करावयाची नसून, आतील दाते एकमेकांवर कसे फिरतात आणि ते कोणत्या धातूच्या सहवासात आहेत, यावरून करावयाची असते.

डिफरन्शियलचे प्रयोजन घाटातील वळणावर उत्तम कळते. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर दीड मीटर असलेली मोटार वळसा घेऊन अगदी उलट दिशेस तोंड करून उभी राहिली, तर वळणाची त्रिज्या कितीही असो, बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.७ मीटर अधिक धावलेले असते. ही तफावत दंतचक्रांकरवी भरून काढण्याची तजवीज फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२७ साली केली, आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने ‘हायपॉइड’ दंतचक्रे प्रचारात आणली. त्यांत पिनियनचा, म्हणजे फिरविणाऱ्या लहान दंतचक्राचा, अक्ष क्राउनच्या, म्हणजे त्याने फिरणाऱ्या मोठ्या चक्राच्या, मध्यरेषेवरून खाली सरकवलेला असतो. त्यामुळे मोटारीचा तळ बसका झाला, दाते अधिक लांब व बळकट झाले. परंतु त्याचा सारा भार तेलावर येऊन पडला. साध्या दंतचक्रांत दाते मुख्यत्वे एकमेकांवर लोळतात. हायपॉइडमध्ये ते सहाणेवर चंदनाचे खोड उगाळावे तसे, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात.

अशा दाबापुढे तेलाचा पापुद्रा तुटतो. मुंबईत माहूल येथील हिंदुस्थान पेट्रोलियमच्या कारखान्यात वंगणासाठी जे मूळ तेल निघते, तसले तेल कितीही निर्मळ असले तरी या ठिकाणी एकटे टिकाव धरीत नाही. म्हणून त्यात गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळतात. दात्याच्या ज्या बिंदूवर घर्षणाने तापमान एकाएकी चढते, तेथेच ही संयुगे पोलादाशी संयोग पावतात आणि एक अतिसूक्ष्म थर निर्माण करतात. तो थर स्वतः झिजतो, पण दाते एकमेकांत वितळून चिकटू देत नाही. गिअर ऑइलच्या डब्याचे बूच उघडताच जो उग्र वास येतो, तो याच गंधकाचा.

परंतु जे पोलादाचे संरक्षण करते, तेच पितळेला बाधक ठरू शकते. गिअर बदलताना दोन चक्रांची गती जुळवून देणाऱ्या सिंक्रोनायझरच्या कड्या पुष्कळ गिअरबॉक्सांत पितळेच्या असतात, आणि तापलेल्या तेलातील क्रियाशील गंधक तांब्याशी संयोग पावून त्यांचा पृष्ठभाग पोखरतो. तेलाचा हा गुण पारखण्यासाठी प्रयोगशाळेत घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी तीन तास गरम तेलात ठेवतात आणि ती किती काळवंडली, यावरून निकाल देतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीतील जीएल-५ या प्रतीत अशा द्रव्यांचे प्रमाण जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असते, आणि ही प्रत हायपॉइडसाठी आहे. ‘पाच हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून तेल अधिक चांगले’ हा समज येथेच घात करतो. शिवाय त्या कडीला आपले काम करण्यासाठी थोडे घर्षण हवेच असते. फाजील निसरड्या तेलात तिची पकड सुटते आणि गिअर कुरकुर करीत पडतो.

दुसरा गैरसमज दाटपणाविषयी आहे. गॅरेजात ‘नव्वद नंबर’ आणि ‘एकशे चाळीस नंबर’ असे शब्द कानी पडतात, त्यांवरून हे तेल इंजिनच्या पन्नास नंबरी तेलाहून कितीतरी घट्ट असावे असे वाटते. परंतु दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० या ग्रेडच्या गिअर ऑइलची १०० अंश सेल्सिअसला श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते. म्हणजे ते इंजिनच्या ४० किंवा ५० ग्रेडच्या तेलाइतकेच दाट होय. ७५डब्ल्यू-९० मधील पहिला आकडा उणे ४० अंशांच्या चाचणीचा आहे, आणि त्याची श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर काहीच मातब्बरी नाही; येथे महत्त्व दुसऱ्या आकड्याला आहे. मात्र कोकणातील उष्म्याचे निमित्त करून स्वतःच्या अकलेने १४० नंबर ओतणे हाही उपाय नव्हे, कारण दाट तेल घुसळण्यातच शक्ती खर्च होते, आणि ती शक्ती उष्णतेच्या रूपाने त्याच पेटीत साठते.

आपली मोटार कोणत्या जातीची आहे, हा दाखला मालकाच्या पुस्तिकेत असतो. पुढील चाकांवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत, इंजिन आडवे बसविलेले असल्यास, गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच पेटीत असून हायपॉइड मुळीच नसतो. तेथे सामान्यतः जीएल-४ पुरते. मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत दोन पेट्या आणि दोन वेगळी तेले असतात. डिफरन्शियल क्लचच्या चकत्यांचे, अर्थात लिमिटेड-स्लिप असेल, तर घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य मिसळलेले तेलच हवे, नाहीतर तीव्र वळणावर मागून खरखर ऐकू येते. तेलात भिजलेल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची गोष्ट याहून निराळी. तेथे पुस्तिकेत लिहिलेल्या तेलाखेरीज दुसरे घालण्याची मुभा नाही.

श्रीवर्धन तालुक्यात या सर्वांत खाऱ्या पाण्याची भर पडते. बागमांडला–वेश्वी किंवा दिघी–आगरदांडा येथील जंगलजेटीवर, म्हणजे मोटारी पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर, ओहोटीच्या वेळी चढताना मोटारीची चाके पाण्यात जाऊ शकतात, आणि काही हौशी मंडळी तर मोटार थेट पुळणीवर नेतात. घाट उतरून तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरच्या छिद्रावाटे अथवा जीर्ण ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. वाळूत एक चाक रुतून दुसरे नुसते गरगरू लागले, तर ते क्राउनच्या दुप्पट गतीने फिरते. गिअरबॉक्सवरून चालणारा वेगमापक चाळीस दाखवीत असता ते चाक ऐंशीच्या वेगाने धावत असते, आणि डिफरन्शियलमधील लहान दंतचक्रे, जी एरवी वळणापुरतीच थोडी फिरतात, ती आपल्या दांड्यावर अल्प तेलात वेगाने फिरून तापतात. ज्या पुळणीवर कासवे अंडी घालतात तेथे मोटार नेऊ नये, हे तर निराळे सांगावयास नको.

तेलाची अवस्था पाहावयाची, तर जाणता मिस्त्री प्रथम तेल भरण्याचा बोल्ट उघडून पाहतो आणि मगच खालचा ड्रेन बोल्ट सोडतो. कारण वरचा बोल्ट गंजून जाम झालेला असला आणि तेल मात्र सारे निघून गेले, तर मोटार तेथेच अडकून पडते. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर जमलेला राखाडी, बोटांत न रुतणारा लेप ही स्वाभाविक झीज होय. चकाकणारे कण किंवा दात्याचा कपचा लागला, तर तेलाऐवजी दंतचक्रांची तपासणी करावी. तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी आहे. ते त्याच दिवशी काढून टाकावे.

जोराने मोटार चालविणाऱ्यास खरोखर काय बदलावे लागते, याचे उत्तर यातच आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडीकरण स्थूलमानाने दुप्पट वेगाने होते. म्हणजे घाटात व शर्यतीच्या मार्गावर तापणारे तेल जातीने योग्य असूनही लवकर म्हातारे होते. तेव्हा पुस्तिकेने सांगितलेली प्रत व ग्रेड तशीच ठेवून, हौशी चालकाने आपला पैसा भारी डब्यावर नव्हे, तर तेल बदलण्याची मुदत निम्म्यावर आणण्यावर खर्च करावा.