सिम्बिडियम ऑर्किड : रोप घ्यावे की फूल?

निकाहच्या स्टेजवर गुलाबाबरोबर आता ऑर्किडही दिसते. साहजिकच शेडनेट टाकून संकरित सिम्बिडियम लावावे, असे चौसाळ्याकडच्या एखाद्या बांधवाच्या मनात येईल. पैसा घालण्यापूर्वी माल पारखून घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

या संकरांचे मूळ हिमालयाच्या थंड उतारांवरील जातींत आहे. पहिला संकर १८८९ साली इंग्लंडातील व्हीच यांच्या रोपवाटिकेने पुढे आणला. पाने येण्यापुरते हे झाड उष्णता सोसते. अडते ते फुलावर. दांडा धरण्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस काही आठवडे रात्रीचा पारा १० ते १५ अंशांपर्यंत उतरावा लागतो. सिक्कीम, कालिम्पोंगला ही थंडी फुकट मिळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि भाद्रपदात रात्रीही उकाडा असतो. डिसेंबरचा गारठा येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. शेडनेट ऊन अडवते, रात्र थंड करीत नाही. यंत्राने थंडावा आणला तर नफा विजेच्या बिलातच जाईल! शिवाय लहान रोपाला पहिले फूल यायला तीन-चार वर्षे. तोवर भांडवल अडकून पडते.

बाजारातले जांभळे ऑर्किड बहुधा डेंड्रोबियम असते. ते उष्ण, दमट हवेतले. दोहोंची गल्लत करू नये.

सजावटीचा धंदा करणाऱ्यांनी मात्र सिम्बिडियमचे तयार दांडे जरूर आणावेत. पाण्यात ते दोन-तीन आठवडे टिकतात, म्हणजे एकाच दांड्यावर दोन वलीमे निघतात. घेताना बहुतेक फुले उमललेली, टोकाच्या एक-दोन कळ्या मिटलेल्या आणि पाकळ्या बिनडाग आहेत, हे पाहावे.