नांव, अंक आणि मुखत्यार

डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत सरकारच्या विकास खात्यानें कामकरी लोकांसाठीं चाळी उठविल्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट ह्या खात्याच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांना बी.डी.डी. चाळी म्हणूं लागले. नायगांव, वरळी व शिवडी येथील धरून त्या एकंदर २०७ होत्या; आतां त्या पाडून तेथें उंच इमारती उभ्या करण्याचें काम चाललें आहे. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यास २० खोल्या, म्हणजे एका चाळींत ८० बिऱ्हाडें. चाळीला नांव नव्हे, नुसता क्रमांक. टपालवाल्याजवळच्या पाकिटावर तेवढा क्रमांक असला तर तो जिन्याच्या तोंडाशीं बिनचूक येई. परंतु ८० दारांपैकीं थाप कोणत्या दारावर मारावी, हें त्याला कळावें कसें?

इंटरनेटवरील पत्त्यांचा व्यवहार आज ह्याच तऱ्हेचा झाला आहे. नांव टाळून नुसत्या अंकानें एखादें संकेतस्थळ गांठूं पाहणाऱ्यांची जी फजिती होते, तिचें मूळ ह्या जिन्याच्या तोंडाशींच सांपडतें.

इंटरनेटशीं जोडलेल्या यंत्राला एक अंकपत्ता असतो, त्यासच आय.पी. पत्ता म्हणतात. जुन्या परंतु अद्यापि सर्वत्र चालू असलेल्या पद्धतींत तो ० ते २५५ ह्यांमधील चार संख्यांचा मिळून होतो, आणि असे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ एवढेच संभवतात. आकडा अवाढव्य दिसतो खरा; पण पृथ्वीवरील माणसें ८०० कोटींवर गेलीं, तेव्हां माणशीं एकहि पुरत नाहीं. याहून पुष्कळ लांब अंकांची नवी पद्धत आली आहे, तथापि जुनीचें राज्य संपलेलें नाहीं.

अंक यंत्रांच्या सोयीचे, नांवें माणसांच्या सोयीचीं. शिवाय यंत्र बदललें कीं अंक बदलण्याचा संभव असतो. गिरगांवांतील दुकान दादरला हललें तरी पाटी तीच राहते आणि गिऱ्हाईक पाटी शोधीत येतें. त्याचप्रमाणें नांव कायम ठेवून त्यामागील अंक बदलतां यावा म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस ह्या अमेरिकन संशोधकानें नांवांच्या नोंदवहीची व्यवस्था रचली. ब्राउझरमध्यें नांव लिहिलें कीं प्रथम ह्या वहीस विचारणा होते, तेथून अंक मिळतो, आणि मग त्या अंकावर मागणी जाते. ही वही बहुधा ग्राहकास इंटरनेट पुरविणारी कंपनीच चालविते, हें ध्यानांत ठेवावें.

अंक आला म्हणून नांव निरुपयोगी होत नाहीं, हें टपालखात्याच्या अनुभवावरूनहि दिसतें. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. ती योजना आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यांतील अधिकारी आणि संस्कृतचे कवि. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि अनेक भाषांत लिहिलेले पत्ते ह्यांतून वाट काढण्यासाठीं सहा अंक योजिले गेले. ४०००१२ लिहिलें कीं पत्र परळाकडे वळतें, ४००००४ लिहिलें कीं गिरगांवाकडे. म्हणून कोणी पाकिटावर नांव लिहावयाचें सोडलें नाहीं.

मग नांव सोडून अंकानें जाण्याची बुद्धि कोणाला कां व्हावी? कारण सोपें आहे. कंपनीनें आपल्या वहींतून एखादें नांव खोडलें, तर विचारणाऱ्यास उत्तर मिळत नाहीं. पण वहींतील नांव खोडल्यानें घर पडत नाहीं. ज्याला अंक ठाऊक आहे तो थेट चालत जाऊं शकतो. एका यंत्रावर एकच संकेतस्थळ असे, तोंपर्यंत ही युक्ति चालली. पुढें अंकांची टंचाई भासूं लागली आणि १९९७ च्या सुमारास नवा प्रघात पडला: ब्राउझरनें प्रत्येक मागणीच्या आंत, आपणांस कोणाकडे जावयाचें आहे तें नांव लिहून द्यावयाचें. त्यामुळें एकाच अंकावर शेंकडों संकेतस्थळें बिऱ्हाड करून राहूं लागलीं. आतां नुसता अंक टाइप केला तर मागणींत नांवाच्या जागीं तो अंकच जातो. पलीकडचें यंत्र भलतेंच पान पुढें करितें किंवा सरळ नकार देतें. सुरक्षित जोडणींत तर ब्राउझर धोक्याची सूचना दाखवितो. कारण संकेतस्थळाचें प्रमाणपत्र बहुधा नांवावर काढलेलें असतें, अंकावर नव्हे. ही सूचना कटकट समजून उडवून लावणें म्हणजे अनोळखी माणसाच्या हातीं किल्ली देणें होय.

जाणाराची जी चूक, तीच अडविणाराचीहि होते, आणि तिचे परिणाम फार मोठे असतात. ११ जुलै १९९३ नव्हे, २००६. त्या संध्याकाळीं पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, त्यांपैकीं माटुंगा रोड व माहीम हीं ठिकाणें दादरच्या अगदीं शेजारचीं. त्यानंतर दोनच दिवसांनीं दूरसंचार खात्यानें थोडींशीं पानें बंद करण्याचा हुकूम काढला. त्यांची संख्या विसाच्याहि आंत होती. परंतु कित्येक कंपन्यांनीं तेवढ्या खोल्या न शोधतां सबंध चाळच बंद केली. ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड व जिओसिटीज येथील असंख्य निरपराध लेखकांचीं पानें दिसेनाशीं झालीं. आपत्तीच्या वेळीं मुंबईकरांस माहिती पुरविण्यासाठीं स्वयंसेवकांनीं चालविलेलें 'मुंबई हेल्प' हें पान ह्याच ब्लॉगस्पॉटवर होतें! आठवड्याभरांत खुलासा निघाला कीं नेमलेलीं पानें तेवढींच अडवावीं. २००३ सालींहि एका गटासाठीं सारे याहू ग्रुप्स असेच बंद पडले होते. म्हणजे धडा पूर्वींच मिळालेला होता.

२००६ च्या त्या दिवसांत अनेकांनीं प्रॉक्सीचा आश्रय केला. हा शब्द कॉलेजांतील मुलांना हजेरीच्या वेळीं चांगलाच परिचयाचा; आपला जुना शब्द मुखत्यार. लालबागचा एखादा वाचक आपली मागणी थेट न पाठवितां परगांवच्या एका यंत्राकडे देतो. तें यंत्र आपल्याकडील नोंदवही पाहतें, पान आणतें आणि वाचकाच्या हवालीं करितें. स्थानिक कंपनीच्या वहींत नांव खोडलेलें असो वा नसो, येथें त्या वहीस कोणी विचारीतच नाहीं. संकेतस्थळालाहि मुखत्याराचाच अंक दिसतो, वाचकाचा नाहीं.

कांहीं लोक अंक आणि मुखत्यार हे दोन्ही उपाय एकदम करतात, तो मात्र निव्वळ गैरसमज. मुखत्याराला अंकच सांगितला तर तो बापडा तोच अंक घेऊन जातो आणि त्याच जिन्याशीं उभा राहतो. त्याला नांव सांगावें. अंक तो स्वतः काढतो.

आतां ह्या सोयीची किंमत. कोणत्या घरीं जावयाचें तें मुखत्याराला सांगावेंच लागतें, म्हणून तें त्याला कळतें. जोडणी सुरक्षित असेल आणि तो नुसता मध्यें उभा राहून बंद पाकिटें इकडून तिकडे देत असेल, तर आंतील मजकूर त्याला वाचतां येत नाहीं. परंतु जोडणी साधी असेल, किंवा ज्याच्या पानावर जाऊन पत्ता लिहावा आणि त्यानें दुसरें पान आणून दाखवावें अशा प्रकारचा तो असेल, तर प्रत्येक पाकीट तो स्वतः फोडतो. परवलीचा शब्द, बँकेचा हिशेब, वैद्याला लिहिलेलें पत्र, सारें त्याच्या डोळ्यांखालून जातें. फुकट मुखत्यारी करणाराचें पोट कशावर चालतें, हा प्रश्न तेथें वाचकानें विचारलाच पाहिजे.

खोली आणि चाळ ह्यांतील भेद पुढें मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. २०१६ सालीं 'ढिशूम' चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठीं निर्मात्यांनीं संकेतस्थळेंच्या संकेतस्थळें बंद करण्याची मागणी केली. एखाद्या संकेतस्थळावर बेकायदेशीर मजकुराखेरीज दुसरें कांहींच नाहीं असें दाखविल्यावांचून तें सबंध बंद करतां येणार नाहीं, असें म्हणून न्यायमूर्ति गौतम पटेल ह्यांनीं ती नाकारली, आणि पुढें तपासून दिलेल्या नेमक्या दुव्यांपुरतीच मनाई मंजूर केली. शिवाय बंद केलेल्या जागीं, हें कां बंद आहे आणि ज्याला तक्रार असेल त्यानें कोठें दाद मागावी, हें सांगणारें पान लावण्यास कंपन्यांना फर्माविलें.