धर्माचा रकाना

ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथल्या माणसाला धर्म बदलण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आपण बौद्ध झालो आणि सवलती गेल्या. राज्य झाल्यावर महाराष्ट्राने त्या दिल्या, केंद्राने मात्र १९९० उजाडू दिले. चौतीस वर्षे! एक अख्खी पिढी त्यात म्हातारी झाली.

तोच रकाना आज ख्रिस्ती पोरांपुढे आहे. या भागात ख्रिस्ती माणूस नवा नाही. स्कॉटिश मिशन चांद्यात इंग्रजांच्या काळातच आले. १९६२ नंतर केरळच्या सीरो-मलबार चर्चचे काम वाढले, त्यांचे धर्मप्रांताचे केंद्र बल्लारपूरला आहे. जंगलातल्या गावातून कॉलेजसाठी आलेला पोरगा भाड्याच्या खोलीत राहतो. रविवारी प्रार्थनेला गेला की कोणी नावाने हाक मारते, जेवलास का म्हणून विचारते. यात 'आमिष' शोधणाऱ्यांनी एकदा सरकारी वसतिगृहातले जेवण जेवून पाहावे.

आता एकाच बाकावरची दोन मुले घ्या. एक गोंड, दुसरा महार. दोघेही ख्रिस्ती झाले. गोंडाची अनुसूचित जमात कायम राहते, कारण १९५० च्या जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. दुसऱ्याची अनुसूचित जात जाते, कारण जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध, ख्रिस्ती बाहेरच. महाराष्ट्रात तो इतर मागासवर्गात मोडतो. गाव मात्र त्याची जात विसरत नाही. मग असे कित्येकजण फॉर्मवर एक लिहितात आणि रविवारी दुसरे जगतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्याला राज्यघटनेशी केलेली फसवणूक म्हटले. पण पोरांना खोटे लिहायला भाग पाडतो तो कोण? तो परिच्छेदच ना?

बाबासाहेबांनी हे १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढेच मांडले होते. अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती थांबते, घरची परिस्थिती मात्र तीच राहते! त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावरही त्यांनी बोट ठेवले आणि हा समाज राजकारणात मागे आहे हे सुनावले. ते दुखणे चर्चने अजून पुरते बरे केलेले नाही, हेही बोलले पाहिजे.

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये तिसरा परिच्छेद काढण्याची शिफारस केली. ती धूळ खात पडली असता ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने न्या. बालकृष्णन आयोग नेमला. आपल्यातलेच काहीजण कुजबुजतात, वाटेकरी वाढतील. जागा वाढवून मागा की! ज्यांनी चौतीस वर्षे दाराबाहेर काढली, त्यांनीच आता दार लोटावे काय? तिकडे धर्मांतरित आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी घेऊन जनजाती सुरक्षा मंच मोर्चे काढतो आहे. ती मान्य झाली, तर बाकावरच्या त्या गोंड पोराचाही फॉर्म अडेल.