भुईमुगाची खते व जमीन

भुईमूग (ॲरॅकिस हायपोजिया, शिंबावंत कुल) हे तेलबियांचे पीक जमिनीतून दोन ठिकाणी अन्न घेते. मुळे इतर पिकांप्रमाणेच पाणी व पोषक द्रव्ये शोषतात. परंतु फुलाचे फलन झाल्यावर वाढू लागलेली आरी जमिनीत शिरते, सु. ५ ते ७ सेंमी. खोलीवर तिच्या टोकाशी शेंग धरते आणि ही शेंगही भोवतालच्या मातीतून काही द्रव्ये, विशेषतः कॅल्शियम, स्वतः शोषून घेते. या पिकाला कोणते खत, किती, केव्हा व कोठे द्यावे याचा विचार या विशेष रचनेपासून सुरू करावा लागतो. ज्वारी किंवा गहू यांच्यासाठी ठरविलेली पद्धत भुईमुगाला जशीच्या तशी लागू केली, तर पुष्कळदा पाला उत्तम वाढतो आणि शेंगा पोचट निघतात.

याचे कारण वनस्पतीतील कॅल्शियमच्या वहनात आहे. मुळांनी घेतलेले कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जाते व हा प्रवाह मुख्यत्वे पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्‌वासामुळे चालतो. जमिनीत पुरलेल्या शेंगेतून बाष्पोच्छ्‌वास जवळजवळ होत नसल्यामुळे हा प्रवाह तिच्याकडे फारसा वळत नाही. पानांत एकदा जमा झालेले कॅल्शियम परत खाली उतरत नाही. त्यामुळे झाडाच्या अंगी कॅल्शियम भरपूर असूनही शेंगांच्या थरातील माती त्या बाबतीत दरिद्री असेल, तर टरफल पूर्ण वाढते पण आत दाणा भरत नाही. भरलेल्या दाण्यातील अंकुर काळा पडतो व असे बी उगवत नाही. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मुळांचा थर व शेंगांचा थर यांना वेगवेगळा पुरवठा करून झालेल्या प्रयोगांनी ही गोष्ट स्पष्ट केली. मोठ्या दाण्याच्या जातींना ही उणीव अधिक जाणवते. कारण आकारमानाच्या मानाने त्यांच्या शेंगेचा शोषण करणारा पृष्ठभाग लहान असतो.

नायट्रोजन : मुळांवरील गाठींत राहणारे ऱ्हायझोबियम वर्गातील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करून पिकाला पुरवतात. गाठी कार्यक्षम होईपर्यंत सु. तीन ते चार आठवडे जातात. तेवढ्या काळासाठी पेरणीच्या वेळी हेक्टरी २० ते २५ किग्रॅ. नायट्रोजन पुरतो. याहून अधिक मात्रेने गाठींची वाढ व कार्य मंदावते, पाला माजतो आणि शेतकऱ्याचा खर्च वाया जातो. ज्या शेतात पूर्वी भुईमूग, चवळी यांसारखी पिके घेतलेली नाहीत तेथे बियाण्यास जिवाणू संवर्धक चोळणे विशेष उपयुक्त असते. त्याचे प्रमाण सामान्यतः १० किग्रॅ. बियाण्यास २५० ग्रॅ. असून बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व संवर्धकाची नंतर करतात.

भुईमूग जमीन सुपीक करतो, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. शेंगा बाजारात जातात व पाला गुरांच्या चाऱ्यासाठी उपटून नेला जातो. जमिनीत राहतात ती तुटलेली मुळे, गाठी आणि गळालेली पाने. स्थिर झालेल्या नायट्रोजनाचा मोठा भाग अशा रीतीने शेताबाहेर जातो. पाला खाणाऱ्या गुरांचे शेण त्याच शेतात परत आले, तरच पुढील पिकाला खरा लाभ होतो.

भरखते : चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणतः ०.५ टक्का नायट्रोजन, ०.२ ते ०.२५ टक्का फॉस्फेट व ०.५ टक्का पोटॅश असते. हेक्टरी १० टन शेणखतातून म्हणजे सु. ५० किग्रॅ. नायट्रोजन जमिनीत जातो. पण त्यातील थोडाच भाग पहिल्या हंगामात उपलब्ध होतो. केवळ अन्नांशाच्या हिशोबाने शेणखताची किंमत केली, तर ती कमीच ठरेल. भुईमुगाच्या दृष्टीने त्याचा अधिक महत्त्वाचा गुण म्हणजे जमिनीच्या घडणीवरील परिणाम. पाऊस उघडल्यावर जमिनीचा पृष्ठभाग कडक झाला, तर आऱ्या आत शिरत नाहीत व सुकतात. काढणीच्या वेळी माती घट्ट असली, तर शेंगा तुटून जमिनीतच राहतात. मध्यम काळ्या जमिनीत ही दोन्ही नुकसाने नेहमीची आहेत. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाने माती भुसभुशीत राहते, तर हलक्या वाळुमिश्र जमिनीत त्याच पदार्थाने ओलावा व अन्नांश धरून ठेवले जातात.

शेणखत अर्धकच्चे असू नये. कच्च्या खताकडे हुमणी व वाळवी आकर्षित होतात, आणि ज्या पिकाची शेंगच मातीत असते त्याला हे कीटक दुहेरी अपाय करतात. ते पेरणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पसरून कुळवाच्या पाळीने मातीत मिसळावे. एरंडी व निंबोळी पेंडीत नायट्रोजन सु. ४ ते ५ टक्के असतो. भुईमुगाच्या पेंडीत तो ७ टक्क्यांवर असला, तरी ती आधी गुरांना घालून शेणाच्या रूपाने शेतात आणणे किफायतशीर ठरते.

आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात, उथळ तांबड्या जमिनीत व वार्षिक सु. ५०० ते ५५० मिमी. पावसावर, हे पीक मोठ्या क्षेत्रावर घेतले जाते. तेथे १९८५ पासून कोरडवाहू शेती संशोधनाच्या अखिल भारतीय प्रकल्पाखाली एक दीर्घकालीन प्रयोग चालविण्यात आला. त्यात संपूर्ण शिफारशीचे रासायनिक खत, त्याच्या निम्म्या मात्रेबरोबर हेक्टरी ४ टन शेणखत किंवा भुईमुगाची टरफले, आणि नुसते शेणखत, अशा पद्धतींची तुलना केली होती. निम्म्या रासायनिक मात्रेला टरफलांची जोड दिलेल्या वाफ्यांत जमिनीतील सेंद्रिय कार्बन चांगला टिकून राहिला. टरफले एरवी तेलगिरण्यांच्या व वीटभट्ट्यांच्या भट्टीत जातात. त्यांत कार्बनाच्या मानाने नायट्रोजन फार थोडा असल्यामुळे ती सावकाश कुजतात, म्हणून त्यांच्याकडून तात्काळ पोषणाची अपेक्षा ठेवता येत नाही.

फॉस्फरस व गंधक : महाराष्ट्रात भुईमुगाला हेक्टरी २५ किग्रॅ. नायट्रोजन व ५० किग्रॅ. फॉस्फेट ही शिफारस प्रचलित आहे. गुजरातेत खरीप पिकाला याच्या निम्मी मात्रा सुचविली जाते. फॉस्फरसामुळे मुळांची वाढ व गाठींचे कार्य सुधारते. तो जमिनीत फारसा हलत नसल्यामुळे खत बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली, सु. ५ सेंमी. अंतरावर पडेल असे पेरून देतात.

येथे खताच्या निवडीला मोठे महत्त्व आहे. ५० किग्रॅ. फॉस्फेट सिंगल सुपरफॉस्फेटमधून (१६ टक्के फॉस्फेट) द्यावयाचे, तर सु. ३१२ किग्रॅ. खत लागते. पण त्याबरोबर सु. ३४ किग्रॅ. गंधक आणि त्याहून अधिक कॅल्शियम आपोआप मिळते, कारण या खताच्या घटनेतच जिप्सम असते. तेवढेच फॉस्फेट डायअमोनियम फॉस्फेटच्या (४६ टक्के फॉस्फेट) सु. १०९ किग्रॅ. मधून मिळते, व सु. २० किग्रॅ. नायट्रोजनही मिळतो, परंतु गंधक व कॅल्शियम मिळत नाही. वाहतुकीला हलके म्हणून हे दुसरे खत लोकप्रिय झाले, आणि वर्षानुवर्षे तेच वापरलेल्या शेतांत गंधकाची उणीव दिसू लागली. गंधक प्रथिनांचा घटक असून तेलाच्या निर्मितीलाही लागते. त्याची उणीव असल्यास कोवळी पाने फिकट पिवळी होतात व गाठी कमी धरतात. तेलबियांच्या पिकाला दोहोंपैकी सिंगल सुपरफॉस्फेटच अधिक योग्य होय. डायअमोनियम फॉस्फेट वापरावयाचे असल्यास त्याला जिप्समची जोड देणे आवश्यक ठरते.

जिप्सम : शुद्ध जिप्सममध्ये सु. २३ टक्के कॅल्शियम व १८ टक्क्यांहून थोडे अधिक गंधक असते. बाजारी मालात हे प्रमाण कमी भरते. ते पाण्यात चुनखडीपेक्षा पुष्कळच अधिक विरघळते, म्हणून शेंगांना लवकर उपलब्ध होते. हेक्टरी ४०० किग्रॅ. जिप्सम, निम्मे पेरणीच्या वेळी व निम्मे आऱ्या सुटू लागल्यावर, म्हणजे पेरणीनंतर सु. ४० ते ४५ दिवसांनी, देण्याची पद्धत आहे. दुसरा हप्ता झाडाच्या बुंध्याशी टाकून शेवटच्या कोळपणीने मातीची भर देतात. त्यानंतर कोळपे चालविल्यास जमिनीत शिरलेल्या आऱ्या तुटतात. पहिल्या हप्त्याचा मुख्य उपयोग मुळांना गंधक मिळण्यासाठी, तर दुसऱ्याचा शेंगांना कॅल्शियम मिळण्यासाठी होतो. शेंग धरल्यानंतरचे पहिले चार-पाच आठवडे कॅल्शियमच्या दृष्टीने निर्णायक असतात. या काळात पावसाने ओढ दिली व वरचा थर कोरडा पडला, तर मातीतील कॅल्शियमही शेंगेला घेता येत नाही. खोलवर गेलेली मुळे त्या वेळी झाडाला हिरवे ठेवतात, त्यामुळे नुकसान काढणीपर्यंत लक्षात येत नाही.

हेच जिप्सम निरनिराळ्या जमिनींत निरनिराळी कामे करते. हलक्या तांबड्या व वाळुमिश्र जमिनीत कॅल्शियमच कमी असते, म्हणून तेथे ते शेंगेचे अन्न ठरते. मात्र अशा जमिनीतून ते जोरदार पावसाने खाली वाहून जाते, त्यामुळे सर्व जिप्सम पेरणीलाच देणे तेथे हिताचे नसते. सौराष्ट्र व मराठवाडा येथील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत कॅल्शियमची वाण नसते. तेथे जिप्समचा लाभ मुख्यतः गंधकामुळे होतो. पोटॅशच्या बाबतीतही जमीन पाहावी लागते. काळ्या जमिनीत ते सामान्यतः पुरेसे असते. हलक्या जमिनीत द्यावे लागले, तरी ते पेरणीपूर्वी खोल मिसळावे. शेंगांच्या थरात त्याचे प्रमाण वाढले, तर ते कॅल्शियमच्या शोषणाला अडथळा करते.

चुनखडीयुक्त जमिनी व लोह : या जमिनींत लोह भरपूर असूनही पीक लोहावाचून पिवळे पडते. पीएच मूल्य ८ च्या आसपास असताना लोहाची संयुगे विरघळत नाहीत, व बायकार्बोनेटामुळे शोषलेल्या लोहाच्या उपयोगातही अडथळा येतो. प्रथम कोवळ्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा होतो. उणीव तीव्र असल्यास पान पांढुरके पडते. पाणी साचून राहिलेल्या किंवा वाजवीपेक्षा जास्त पाणी दिलेल्या भागात हे ठळकपणे दिसते. शेतकरी हे नायट्रोजनाच्या उणिवेचे लक्षण समजून युरिया देतो व त्याचा गुण येत नाही. नायट्रोजनाच्या उणिवेत जुनी पाने आधी पिवळी पडतात, हा ओळखण्याजोगा भेद आहे. जुनागढ येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भुईमूग संशोधन केंद्रात या प्रश्नावर व लोहन्यूनता सहन करणाऱ्या वाणांवर दीर्घकाळ काम झाले. उपाय म्हणून ०.५ टक्का फेरस सल्फेट व ०.१ टक्का सायट्रिक अम्ल यांचे मिश्रण आठ ते दहा दिवसांच्या अंतराने पानांवर फवारतात. फेरस सल्फेट नुसतेच अशा जमिनीत टाकल्यास ते लवकरच अविद्राव्य होते. शेणखतात मिसळून दिल्यास काहीसे टिकते. निचरा सुधारणे हा मात्र सर्वांत स्वस्त उपाय होय.

अम्लीय जमिनी : कोकणातील जांभ्या जमिनींतील परिस्थिती नेमकी उलट असते. अतिवृष्टीमुळे कॅल्शियम व मॅग्नेशियम धुपून जातात, लोह व ॲल्युमिनियम फॉस्फेटाला बांधून ठेवतात आणि पीएच मूल्य ५.५ च्याही खाली गेल्यास ॲल्युमिनियम मुळांना बाधते. येथे जिप्समने कॅल्शियम मिळते पण अम्लता कमी होत नाही. त्यासाठी चुना किंवा चुनखडीची पूड पेरणीपूर्वी वरच्या थरात मिसळावी लागते. अम्लतेमुळे मॉलिब्डेनमची उपलब्धता घटते व गाठी नीट काम करीत नाहीत. चुन्याने हा दोषही कमी होतो. या जमिनीत शेणखत अधिक द्यावे, कारण सेंद्रिय अम्ले फॉस्फेट बांधले जाण्याची क्रिया काही अंशी रोखतात.

इतर सूक्ष्म द्रव्यांपैकी जस्ताची उणीव असल्यास हेक्टरी २० ते २५ किग्रॅ. झिंक सल्फेट देतात. बोरॉनाच्या उणिवेने दाण्याच्या डाळिंबीच्या आतल्या बाजूस खळगा पडून ती तपकिरी होते. वरून दाणा धडधाकट दिसतो, म्हणून बाजारात फोडून पाहिल्यावरच दोष कळतो. बोरॉनाची गरज व त्याची विषबाधा यांतील अंतर फार थोडे असल्याने ते माती परीक्षणाशिवाय देऊ नये. भुईमुगासाठी मातीचे दोन नमुने घेणे इष्ट असते : एक नेहमीप्रमाणे नांगरटीच्या खोलीपर्यंतचा, आणि दुसरा कॅल्शियमसाठी केवळ वरच्या ८ सेंमी. थराचा.